रोटाच्या शनिवारची लाइट

माझं नाव लोटन. गाव शिंदखेड्याच्या अंगाला, तापीपासून जवळच, आणि बघा ना ताई, जन्म झाला तापीच्या वरच्या अंगाला आणि पोट भरलं तापीच्या खालच्या अंगाला, म्हणून माझी आई म्हणायची की हा पोरगा पाण्यासारखा वाहत सुरतेला गेला. वाहत कसला, पॅसेंजरमध्ये दाराशी बसून आलो आणि उधन्याला उतरलो. आमच्याकडचं कोणी ना कोणी रोजच सुरतेला निघालेलं असतं, कुणी लग्नाला, कुणी कामाला, कुणी नुसतं मुंबई नको म्हणून. माझा मामा उधन्याला खात्यात होता, खातं म्हणजे लूमचा कारखाना, इकडं सगळे खातंच म्हणतात, आणि मामा बोलला, येऊन जा, दोन हात आहेत ना तुला, बस. तर आलो.

खात्यात काय सांगू तुम्हाला, आवाज असा की बाजूच्या माणसाशी बोलायचं तर इशाऱ्यानं बोलायचं. मग लाइट जायची. सगळे लूम एकदम गप्प. पहिल्या पहिल्यांदा मला लई बरं वाटायचं, कान मोकळे झाले म्हणून मी हसायचो, तर मामानं टपली मारली, बोलला, येड्या, लूम थांबला म्हणजे मजुरी थांबली, आपली मजुरी कपड्याच्या मीटरवर आहे, हसतो काय. तेव्हापासून लाइट गेली की मलाही राग येऊ लागला. सगळे बाहेर येऊन बसायचे, बिड्या काढायचे, वायरीकडं बघून शिव्या द्यायचे, आणि मी मात्र विचारायचो, ही जाते तर जाते कुठे? मामा बोलला, सासरी जाते. सगळे हसले. पण मला ते काही सुटेना बरं का. मग आमच्या खात्यासमोर पोल बसवायला एक ठेकेदार आला, त्याला खड्डे खणायला माणसं पाहिजे होती, मी लूम सोडला आणि पहार हातात घेतली. मामा महिनाभर बोलला नाही माझ्याशी. खड्डे खणता खणता पोल उभे करायला शिकलो, मग पोलवर चढायला, मग एक बुजुर्ग वायरमन होते त्यांच्या हाताखाली परीक्षा दिली आणि लागलो कंपनीत. वीज कंपनीत. अजूनही तिथंच आहे, आता रिटायरमेंटला आलो.

तुम्हाला वाटत असेल लाइनमनचं काम म्हणजे वायरी जोडणं. अहो, अर्धं काम शिव्या खाणं. सुरतेच्या डिंडोलीत मी राहतो, डिंडोलीतच माझी ड्यूटी, म्हणजे शिव्या देणारे पण घरचेच. लाइट गेली की माझ्या घरापुढं लोक उभे. मी जेवत असलो तरी उभे. आमची मंगला, माझी बायको, ती दारात येऊन सांगायची, अहो त्यांना घास तर गिळू द्या, तर लोक म्हणणार, वहिनी, तुम्ही पण अंधारातच आहात ना? उत्तरायणात तर विचारूच नका. सुरतेची उत्तरायण म्हणजे आभाळात पतंग आणि वायरींवर मांजा, आणि मांजा ओला झाला की वायरीला वायर भेटते आणि धडाम. सगळी दुनिया गच्चीवर उंधियू खाऊन राहिली आणि मी पोलवर मांजा सोडवून राहिलो. पोरं वरून ओरडायची, लोटनकाका, आमचा पतंग पण काढा. काढून द्यायचो, काय करता.

पण सगळ्यात वाईट दिवस म्हणाल तर रोटाचा शनिवार. आता तुम्ही नाशिक-पुण्याकडच्या, तुम्हाला आमची कानबाई ठाऊक नसेल. आम्हा खानदेशी लोकांची ती माय. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी ती घरात बसते, सोमवारी वाजत गाजत पाण्यावर जाते. तिच्यासाठी रोट करतात, नैवेद्याच्या जाड पोळ्या, आणि आमच्या गल्लीत त्या रोटाचे गहू शनिवारीच दळायचे, आदल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. गावी जात्यावर दळायचे. इथं आता घराघरात घरघंटी आली, विजेवर दळणारी छोटी गिरणी, गुजरातेत घरघंटी नाही असं घर नाही. आणि आमच्या गल्लीत सगळे शिरपूर, शहादा, शिंदखेड्याचे, पाच-सहा घरं सोडली तर प्रत्येक घरात कानबाई. मग काय व्हायचं, शनिवारी अंघोळी झाल्या की सगळ्या घंट्या एकदम चालू. पोलवर तीन वायरी, घरं त्यांच्यावर वाटून दिलेली. एका वायरीवर भार आला, फ्यूज उडाला, की त्या घरचे लोक हुशार, बटण फिरवून दुसऱ्या वायरीवर उडी मारायचे. मग दुसरी गेली. मग सगळे तिसरीवर. म्हणजे बुडती होडी सोडून सगळे दुसऱ्या होडीत बसले की ती पण बुडणारच ना? पण सांगणार कुणाला. दरसाल तेच. ऑफिसातले गुजराती भाई मला चिडवायचे, लोटनभाई, तमारी माताजी आवी, चढो पोलवर.

मग ही नवी स्कीम आली. पोल काढायचे, वायरी काढायच्या, सगळी केबल जमिनीखालून. आणि केबल एकीकडून नाही, दोन्हीकडून, म्हणजे एका अंगानं तुटली तर दुसऱ्या अंगानं लाइट येते, लोकांना कळतही नाही. नवा मोठा ट्रान्सफॉर्मर. मीटर असे की ऑफिसात बसून दिसतं कुठल्या घरात लाइट आहे, कुठल्या नाही. आमच्या इंजिनियर हेतलमॅडम, नवसारीच्या, वयानं माझ्या पोरीएवढ्या, त्यांनी सगळं समजावलं मला. फक्त एक अडचण. गल्लीच्या नाक्यावर एक हिरवी पेटी बसवायची होती, कपाटाएवढी, आणि तिला जागा एकच, तो नाक्यावरचा ओटा. आणि त्या ओट्यावर तर आमच्या बाया सोमवारी पाण्यावर जाताना कानबाईचा पाट टेकवतात आणि फुगड्या खेळतात.

मॅडम बोलल्या, लोटनभाई, तुमच्या लोकांना तुम्हीच विचारा. गेलो यमुनाजिजीकडे. जिजी म्हणजे गल्लीतली सगळ्यात मोठी बाई, आमची भाऊबंद नाही, आडनाव वेगळं, पण तिच्या शब्दाबाहेर कोणी नाही. तिनं सगळ्या बाया बोलावल्या. अहो, काय गोंधळ! एक म्हणे, देवीच्या जागेवर पेटी? दुसरी म्हणे, पेटीला हात लागला तर पोरं मरतील. मंगला माझीच बायको, ती पण त्यांच्यात, माझ्याकडं बघून राहिली. शेवटी मला काय सुचलं कोण जाणे, मी बोलून गेलो की ही पेटी बसू द्या, यापुढं रोटाच्या शनिवारी लाइट जाणार नाही. गेली तर मला माणसात धरू नका. जिजीनं विचारलं, जबान देस का? बोललो, देस. आमच्यात जबान म्हणजे जबान, ताई. कागदावरचं लोक विसरतात, चार बायांपुढं बोललेलं मरेपर्यंत निघतं. ओटा तोडला, पेटी बसली, पोल गेले. गल्लीचं आभाळ मोकळं दिसू लागलं, मला तर आधी ओकंबोकंच वाटलं.

नवे मीटर लागले तेव्हा घराघरात एक बटण पण बसलं. आम्ही ट्रिपर म्हणतो. कुठं वीज गळाली, माणसाच्या अंगातून जायला लागली, की ते खटकन पडतं आणि त्या घराची लाइट बंद. पूर्वी हे काही नव्हतं, नुसती फ्यूजची तार. मी स्वतः घरोघर जाऊन दाखवलं आणि बजावलं, हे बटण पडलं तर परत वर करायचं नाही, आधी मला बोलवायचं. चांगलंच बजावलं होतं. तेच अंगाशी आलं.

श्रावण आला. त्या शनिवारी माझी ड्यूटी गोडादऱ्याला, एका सोसायटीत केबलचं काम. मी खुशीत होतो, सोबतच्यांना सांगून राहिलो होतो की आज पहिल्यांदा रोटाच्या शनिवारी लोटन निवांत आहे. आणि मंगलाचा फोन. अहो, लाइट गई. मी बोललो, जाणार नाही. ती बोलली, मी काय खोटं बोलस? आपली गई, जिजीनी गई, बाजूनी गई, सगळी गल्ली गई. लगेच ऑफिसात फोन लावला, मॅडमनी बघितलं आणि बोलल्या, लोटनभाई, लाइट तो छे, म्हणजे लाइट आहे. तुमच्या पेटीपर्यंत छे, सगळ्या मीटरपर्यंत छे. मी बोललो, मॅडम, तुमचं मशीन खोटं बोलतं. बघा, मी! ज्यांनी मला शिकवलं त्यांना मी असं बोललो. त्या रागावल्या नाहीत, बोलल्या, जाऊन तर बघा.

मोटरसायकलवर डिंडोलीला आलो. नाक्यावर बाया उभ्या, कुणाच्या हातात गव्हाचं सूप, कुणाच्या डोक्यावर पदर, अंघोळी करून सोवळ्यात, कोणाला शिवायचं नाही म्हणून लांब लांब उभ्या, पण तोंडं सगळ्यांची माझ्याकडं. हिरव्या पेटीला कुणी तरी चप्पल मारली होती, तिचा ठसा दिसत होता. आणि एक बाई बोलली, भैयांच्या घरी टीव्ही चालू आहे, नुसती आमचीच लाइट नेली कंपनीनं, कानबाईवाल्यांचीच! खरंच, समोरच्या युपीवाल्यांच्या घरात सिनेमा चालू. जिजी नुसती म्हणाली, लोटन, तुनी जबान? तेवढंच. ताई, मी लाइनवर वीस फुटांवरून पडलो आहे एकदा, पण तेव्हा इतकं लागलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत दळलं नाही तर त्या वर्षी रोट नाही, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात ते माझ्या नावावर.

पेटी उघडली, तपासली. सगळं ठीक. माझ्या घरात गेलो. ट्रिपर पडलेला. जिजीकडं गेलो, पडलेला. प्रत्येक घरात पडलेला, आणि मी बजावलं होतं म्हणून कोणी हात लावला नव्हता, सगळे इमानदारीनं अंधारात बसलेले. मॅडमना परत फोन केला. त्यांनी एकच विचारलं, आज तुमच्या लोकांनी घरात काही वेगळं केलं का? मी बोललो, काही नाही मॅडम, दरसालसारखंच, घंटीवर गहू दळतात. आणि मान वळवली तर मंगला आमच्या घंटीखालचं पाणी पोतेऱ्यानं पुसून राहिली.

अहो, घंटी धुतलेली! सोवळ्याचं दळण ना, मग गावाला जातं धुतात तशी यांनी घंटी धुतली. वरून तांब्याच्या तांब्या पाणी. प्रत्येक घरात. आत मोटर भिजली, घंटी चालू केली की वीज बाहेर गळायला लागली आणि बटण खटकन पडलं. एकेक करत अख्खी गल्ली. मला तर आधी हसूच आलं. मी बोललो, अगं बाई, विजेच्या वस्तूला कोणी अंघोळ घालतं का? ती बोलली, त्यात काय, दरसाल धुतो.

दरसाल धुतो म्हणल्यावर माझं हसू गेलं. मी विचारलं, मग दरसाल काही होत नव्हतं? ती सहज बोलली, होत होतं ना, हाताला झिणझिण व्हायची, जिजी सांगते आई येस घंटीमा, मग आम्ही हात जोडायचो आणि दळत बसायचो.

काय सांगू तुम्हाला. ओल्या जमिनीवर अनवाणी, ओल्या लुगड्यात, गळती लागलेल्या लोखंडाला हात लावून माझी बायको दरसाल बसत होती, आणि मी त्याच वेळी बाहेर पोलवर चढून फ्यूज बांधून तिला लाइट चालू करून देत होतो. या हातांनी. माझ्या सोबतचा एक माणूस मी असा गेलेला पाहिला आहे, हं म्हणायला पण वेळ मिळाला नाही त्याला. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो आणि रडायला लागलो. मोठा माणूस, कंपनीचा शर्ट घातलेला, आणि ढसाढसा. मंगला घाबरली, सोवळं विसरून माझ्याजवळ आली, बोलली, अहो काय व्हयनं? बाया जमल्या. मी जसं जमलं तसं सांगितलं. त्या झिणझिणीत आई होती की नव्हती ते मी बोललो नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच सांगितलं की अजून थोडी जास्त गळाली असती तर या गल्लीतली एखादी बाई सोमवारी पाटासोबत नाचायला राहिली नसती.

कोणाची सून कोणाकडं बघे. मग जिजी हळूच बोलली, आई येस ते खरं शे. पन यंदा ती घंटीमा नही उनी. यंदा आई त्या बटनमा येई बठनी. आणि तिनं उठून आपल्या घरच्या त्या पडलेल्या बटणाला हात जोडले. मी नाही हसलो. मला तर तेच बरोबर वाटलं.

पण दळण तर बाकीच होतं. घंट्या सुकवायच्या कशा? ऊन नाही, श्रावणाचं मळभ. पार्लरवाली एक पोरगी बोलली, माझं केस सुकवायचं मशीन घ्या. जिजी उसळली, लोकांच्या केसांचं मशीन रोटाच्या घंटीला? शिव शिव! पंखा लावला तर दोन दिवस लागतील. तेव्हा मला आठवलं, मोटर भिजली की रिवायंडिंगवाले तिच्याजवळ पिवळा बल्ब पेटवून ठेवतात, जुना तापणारा बल्ब, एलईडीचं काम नाही ते. मंडपवाल्याकडं असले बल्ब पोत्यानं. आणले. प्रत्येक घंटीचा प्लग काढला, मगच ट्रिपर वर केला, घंटीची मागची फळी काढली, आत एकेक बल्ब लावला, वर झाकण. जिजी डोळे बारीक करून बघून राहिली, बोलली, हाई काय? मी बोललो, दिवा आहे जिजी, आईसमोर दिवा लावतोच ना आपण. ती हसली. बोलली, चालस.

मग मी मेगर घेऊन घरोघर, गळती मोजायचं यंत्र असतं ते, जी घंटी सुकली तिला हो म्हणायचं, जी नाही तिला थांब. हेतलमॅडम पण आल्या, ड्यूटी नसताना, चप्पल बाहेर काढून, आणि अर्ध्या घंट्या त्यांनी तपासल्या. मी बोललो, मॅडम, मशीन खोटं बोलतं म्हणालो, माफ करा. त्या बोलल्या, मशीनला सांगा, मला काय. दुपार कलली आणि पहिली घंटी चालू झाली, मग दुसरी, मग सगळ्या एकदम, अख्खी गल्ली घुं घुं करायला लागली, आणि ताई, मी नाक्यावर त्या पेटीला पाठ टेकून उभा राहिलो, आत्ता जाते की काय, आत्ता जाते की काय. नाही गेली. पंखा पण हलका झाला नाही. दिवस मावळायच्या आत सगळ्यांचं दळण झालं. पेटीवरचा चपलेचा ठसा कुणी पुसला ते मला माहीत नाही, पण पुसलेला होता.

आता ओल्या फडक्यानं घंटी पुसतात, नुसती वरून, तांब्यानं पाणी ओतत नाहीत, जिजीनंच तसा नियम घालून दिला आणि तिच्या नियमाला कोणी शास्त्र विचारत नाही. लाइट जाते कधी कधी, नाही असं नाही, पण गेली तर चहा होईपर्यंत येते, दुसऱ्या अंगानं. माझं काम कमी झालं. लोक रस्त्यात भेटले तर पोरांच्या लग्नाचं विचारतात, लाइटचं विचारत नाहीत. मंगला म्हणते, तुम्हाला आता कोणी ओळखत नाही. मी म्हणतो, नको ओळखू दे, जेवण तरी गरम मिळतं.

हां, एक सांगायचं राहिलं. रोट करताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे असतात, आणि ते रोट भाऊबंदकीबाहेर कोणाला देत नाहीत, उरले तरी नाही. त्या शनिवारनंतर रविवारी जिजीनं मला बोलावलं. मी बोललो, जिजी, तुमचे रोट मला कसे चालतील, आपलं आडनाव वेगळं. तर ती बोलली, बस खाले, तुन्हा नावनी मूठ मी कालच टाकी दिन्ही. तेव्हापासून ती दरसाल टाकते. म्हणून रोटाच्या रविवारी मी आधी घरी खातो आणि मग जिजीकडं खातो, पोटाला जागा असो नसो, कारण माझ्या नावाचा घास टाकून उठायचं नसतं.